लोकरीत गुंडाळलेले बालक : चार्ल्स वेस्ली यांचे चरित्र

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उपदेशकाचे किंवा बायबल बाईचे काम करणाऱ्यांस एक प्रसंग कधी ना कधी येतोच. दिवस भरण्याच्या आधीच बाई बाळंत होते. मूल दोन तळहातांत मावेल एवढेसे. त्यास तातडीने जिल्ह्याच्या इस्पितळात नेतात व तेथे काचेच्या पेटीत, अंगास नळ्या लावून ठेवितात. आई एका खोलीत, मूल दुसऱ्या खोलीत, आणि बाप बाहेर जिन्यावर बसलेला. घरी आजी म्हणते, दृष्ट लागली. शेजारी म्हणतात, कोणाचे तरी पाप भोवले. आणि दुःखाची गोष्ट ही की, आपल्या मंडळीतलेच कोणी तेथे जाऊन मोठ्या आवाजात सांगते की, विश्वास धरा म्हणजे मूल वाचेलच. अशा दारी गेलेल्या सेवकाने काय बोलावे आणि काय बोलू नये, ह्याचा विचार करताना आम्हांस एका पुरुषाची आठवण होते. त्याची गीते जगभरच्या मंडळ्या नाताळात व पुनरुत्थानाच्या सणात गातात. तो स्वतः अपुऱ्या दिवसांचे मूल होता. आणि पुढे तो आठ लेकरांचा बाप झाला, त्यांपैकी पाच त्याने पुरली. त्याचीच हकीकत आज सांगतो.

इंग्लंड देशाच्या पूर्वभागी लिंकनशायर परगण्यात एपवर्थ नावाचे गाव आहे. तेथील देवालयाचे पाळक रेव्ह. सॅम्युएल वेस्ली हे मोठे विद्वान, कवी आणि करारी स्वभावाचे होते; मात्र पैशाचा हिशोब त्यांस कधीच जमला नाही, आणि घर नेहमी कर्जात असे. त्यांच्या पत्नी सुसान्नाबाई ह्या लंडन शहरातील प्रसिद्ध पाळक डॉ. सॅम्युएल अॅन्स्ली यांच्या कन्या. पंचवीस भावंडांत सर्वांत धाकट्या. ह्या दांपत्याला एकोणीस अपत्ये झाली. त्यांपैकी तीन मुलगे व सात मुली एवढीच वाढली. बाकीची नऊ बाल्यावस्थेतच गेली. म्हणजे पाळण्याची दोरी ज्या हाताने ओढावी, त्याच हाताने माती लोटण्याचा प्रसंग त्या माउलीवर नऊ वेळा आला.

त्यांतला एक प्रसंग इ. स. १७०५ मधला आहे. निवडणुकीचे दिवस होते. पाळकसाहेबांनी ज्या पक्षास मत दिले तो गावकऱ्यांच्या मर्जीतला नव्हता. सुसान्नाबाई नुकत्याच बाळंत झाल्या होत्या व त्यांच्या खिडकीखाली लोकांनी रात्रभर ढोल बडविले, आरोळ्या मारिल्या, पिस्तुले झाडिली. तान्हे बाळ समोरच्या घरी एका दाईजवळ निजविले होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर गलबला शांत झाला, तेव्हा थकलेल्या त्या बाईस इतकी गाढ झोप लागली की मूल तिच्या अंगाखाली चिरडले. जागी होताच ती भयाने वेडीपिशी झाली, आणि ते थंड झालेले बाळ अंथरुणात पडलेल्या आईच्या हाती येऊन पडले. सुमारे तीन आठवड्यांचे ते मूल होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाळकसाहेबांस तीस पौंडांहून कमी कर्जासाठी लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकिले. सुसान्नाबाईंजवळ पैसा नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या बोटांतील अंगठ्या नवऱ्याकडे पाठविल्या. त्याने त्या परत केल्या.

अशा घरी इ. स. १७०७ च्या डिसेंबर महिन्याच्या १८ व्या दिवशी अठरावे अपत्य जन्मले. तोच चार्ल्स. कुटुंबात चालत आलेली हकीकत अशी आहे की, हे मूल काही आठवडे आधीच आले, आणि जिवंतापेक्षा मेलेलेच अधिक दिसत होते. ते रडले नाही. त्याने डोळे उघडिले नाहीत. त्यास मऊ लोकरीत गुंडाळून ठेविले, आणि ज्या दिवशी सृष्टिक्रमाप्रमाणे त्याचा जन्म व्हावयाचा होता तो समय येईपर्यंत ते तसेच राहिले. मग त्याने डोळे उघडिले, आणि त्याचा आवाज घरात ऐकू आला.

वाचकांनो, ह्या हकीकतीत घरच्यांनी थोडी भर घातली असेल, असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही. डोळे कोणत्या दिवशी उघडिले ह्याचा हिशोब आई ठेविते तसा दुसरा कोणी ठेवीत नाही, आणि आईचा हिशोब मायेचा असतो. परंतु लोकर ही गोष्ट खरी शहाणपणाची होती. लिंकनशायर हा मेंढरांचा मुलूख, आणि तेथील लांब धाग्याची लोकर पुरातन काळापासून प्रसिद्ध आहे. दिवस न भरलेल्या मुलाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते. त्यास थंडीत कुडकुडताही येत नाही. त्याच्या अंगची ऊब भराभर निघून जाते आणि ऊब गेली की प्राणही जातो. आमच्याकडच्या वृद्ध सुइणी असे मूल कापसात गुंडाळून ठेवीत, त्याचे कारण हेच. तेव्हा सुसान्नाबाईंच्या घरी वैद्याने करण्यासारखे काही नव्हते, तरी करावयाचे जे पहिले काम ते बायकांनी बरोबर केले.

पुढे इ. स. १८८० च्या सुमारास पॅरिस शहरी डॉक्टर तार्निए यांनी अशा बालकांसाठी गरम पाण्याने ऊब दिलेली पेटी उपयोगात आणिली. आज इस्पितळात जी काचेची पेटी आपण पाहतो ती तिचीच वंशज होय. इ. स. १९७८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरी पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टर एद्गार रेय यांनी मुलास आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारू नावाच्या प्राण्यावरून तिला नाव पडले. आईच्या अंगाची ऊब, आईच्या काळजाचे ठोके आणि आईचे दूध, ही तिन्ही एकाच जागी. जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. २०२२ मध्ये असे सांगितले की, दिवस न भरलेल्या किंवा कमी वजनाच्या बहुतेक मुलांना जन्मानंतर लवकरात लवकर असेच छातीशी धरावे. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मते ते मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात, आणि जगात दर दहा मुलांमागे सुमारे एक असे असते. म्हणून ही काही एखाद्याच घरावर कोसळलेली शिक्षा नव्हे. हे एवढे वाक्यही पुष्कळ आईबापांच्या मनावरचा मोठा धोंडा उतरविते.

आता मूळ कथेकडे वळू. चार्ल्स चौदा महिन्यांचाही झाला नव्हता, तोच इ. स. १७०९ च्या ९ फेब्रुवारीच्या रात्री पाळकाच्या घरास आग लागली. घर लाकडी, छप्पर गवताचे. एका मोलकरणीने चार्ल्सला उचलून बाहेर धाव घेतली व बाकीच्या लेकरांस मागे येण्यास सांगितले. पाच वर्षांचा जॉन मात्र वर राहून गेला. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर चढून त्यास खिडकीतून काढिले, आणि लागलीच छप्पर खाली आले. सुसान्नाबाई तेव्हा पोटुशी होत्या. त्या ज्वाळांमधून चालत बाहेर आल्या. हात व तोंड होरपळले. पुढच्याच महिन्यात त्यांची शेवटची मुलगी केझिया जन्मली. ज्या चिमुकल्याला लोकरीत जपिले, त्यास त्या रात्री वाचविणारी एक मोलकरीण होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण मोठ्यांच्या चरित्रांत अशा बायकांची नावेही उरत नाहीत.

सुसान्नाबाईंची घरची शाळा फार कडक असे. मूल पाच वर्षांचे झाले की एका दिवसात त्यास सर्व मुळाक्षरे शिकवावयाची. दोघांस मात्र दीड दिवस लागला, आणि तेवढ्यावरून त्यांची बुद्धी मंद आहे असे आईस वाटले! आजच्या आईबापांनी हा कित्ता गिरवावा असे आम्ही म्हणणार नाही. पण ह्याच बाईची दुसरी एक रीत होती, ती मात्र घेण्यासारखी आहे. आठवड्यातील प्रत्येक संध्याकाळ त्या एकेका मुलासाठी राखून ठेवीत. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. त्या वेळी त्या एकट्याशी बसून त्याच्या मनातल्या गोष्टी बोलत. एवढ्या गर्दीच्या व ओढगस्तीच्या घरात प्रत्येक लेकरास आपले नाव आईच्या ध्यानात आहे, हे ठाऊक असे.

इ. स. १७१६ साली चार्ल्सला लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत घातले. तेथे वडील बंधू सॅम्युएल शिक्षक होते. जे मूल जगेल की नाही अशी शंका होती ते तेथे चांगले धीट निघाले. स्कॉटलंडचा विल्यम मरे नावाचा एक मुलगा इतरांच्या थट्टेचा विषय झाला होता. चार्ल्सने त्याची बाजू घेऊन त्याच्यासाठी मारामाऱ्या केल्या असे सांगतात. हा मरे पुढे लॉर्ड मॅन्सफील्ड ह्या नावाने इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला.

ह्याच काळची एक गोष्ट आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. आयर्लंडात गॅरेट वेस्ली नावाचे एक निपुत्रिक जमीनदार होते. त्यांनी चार्ल्सला दत्तक घेऊन आपला वारस करण्याचे मनात आणिले होते, परंतु चार्ल्सने नकार दिला. मग त्या जमीनदाराने रिचर्ड कॉली नावाच्या दुसऱ्या नातलगास वारस केले, व त्याने वेस्ली हे आडनाव घेतले. त्याचाच नातू आर्थर वेलस्ली. त्याने इ. स. १८०३ मध्ये अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा किल्ला घेतला आणि त्याच साली असईची लढाई मारिली. एका पाळकाच्या मुलाने दौलत नाकारली, आणि तिचा ओघ फिरत फिरत आपल्या दारापर्यंत आला.

इ. स. १७२६ मध्ये चार्ल्स ऑक्सफर्डास गेले. तेथे थोड्याच वर्षांत त्यांनी काही मित्रांसह नियमित प्रार्थना, शास्त्राभ्यास व प्रभुभोजन ह्यांचा परिपाठ ठेविला. ह्या शिस्तीवरून लोक त्यांस थट्टेने मेथॉडिस्ट म्हणू लागले. पुढे बंधू जॉन त्या मंडळाचे पुढारी झाले. इ. स. १७३५ मध्ये चार्ल्स यांस दीक्षा मिळाली, आणि दोघे भाऊ अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गेले. तेथे चार्ल्स यांस यश आले नाही. आजारी व निराश होऊन ते दुसऱ्याच वर्षी परतले.

आता येथे थोडे थांबू. इ. स. १७३८ च्या मे महिन्यात चार्ल्स लंडनमध्ये ब्रे नावाच्या एका तांबटाच्या घरी आजारी पडले होते. ऑक्सफर्डचे पदवीधर, दीक्षित पाळक. परंतु अंतःकरणात शांती नाही आणि छातीत दुखणे. घर साध्या कारागिराचे. त्या घरातील मंडळी त्यांजजवळ बसत, शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत. पेंटेकॉस्टच्या दिवशी, २१ मे रोजी, तांबटाच्या बहिणीने मोठ्या संकोचाने, आपण कोण ह्या विद्वानास बोलणार असे मनात येऊनही, येशूच्या नावाने धीराचे दोन शब्द उच्चारले. एवढे थोडकेच तिचे बोलणे. चार्ल्स यांस त्या दिवशी आपल्या पापांची क्षमा झाली अशी खातरी पटली. तीन दिवसांनी जॉन यांसही तोच अनुभव आला. तेव्हा जे पुढे हजारोंचे सांत्वन करणार होते, त्यांस स्वतःस आधार मिळाला तो आजाराच्या खाटेवर, एका तांबटाच्या घरच्या माणसांकडून. आमच्या बायबल बायांनी व उपदेशकांनी आपणांस फारसे शिक्षण नाही म्हणून इस्पितळाच्या दारातून मागे फिरू नये.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात चार्ल्स न्यूगेट तुरुंगातील फाशीच्या कैद्यांकडे जाऊ लागले. त्यांत तापाने पडलेला एक काळा गुलामही होता. चार्ल्स त्यांजबरोबर कोठडीत बंद होऊन रात्री राहिले, आणि १९ जुलैस टायबर्न येथे त्यांजबरोबर गेले. फाशी टळावी अशी काही त्यांची सत्ता नव्हती. ते शेवटपर्यंत जवळ राहिले, त्यांजबरोबर गायिले. जेथे आपल्या हाती काहीच नाही तेथेही सोबत बसून राहणे ही एक सेवा आहे, हे त्या तरुण पाळकाने तेथे ओळखिले.

पुढील दहा वर्षे घोड्यावर गेली. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणींतले मजूर, कॉर्नवॉलचे कथिलाच्या खाणींतले लोक, आयर्लंडची गावे. उन्हापावसात मैदानात उभे राहून उपदेश. कोठे दगड पडले, कोठे दंगे झाले. आणि घोड्यावर बसल्याबसल्या गीते रचणे कधी थांबले नाही. त्यांनी रचलेली गीते सहा हजारांहून अधिक आहेत.

इ. स. १७४९ च्या ८ एप्रिल रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी वेल्समधील गार्थ येथील सारा ग्विन ह्या बाविशीतल्या मुलीशी विवाह केला. मुलीच्या आईने आधी वार्षिक शंभर पौंडांची हमी मागितली, व ती गीतांच्या पुस्तकांच्या उत्पन्नातून देण्याचे ठरले. दोघे ब्रिस्टल शहरी एका लहानशा घरात राहू लागली. साराबाई गात, नवरा गीते करी.

इ. स. १७५२ मध्ये त्यांस पहिला मुलगा झाला. काकाचे नाव जॉन ते त्यास ठेविले व लाडाने जॅकी म्हणू लागले. बारा महिन्यांचा होता तोच तो सूर धरी आणि हाताने ताल देई. इ. स. १७५३ च्या अखेरीस जॉन वेस्ली क्षयाने मरणार असे वाटून चार्ल्स लंडनला गेले होते, इतक्यात निरोप आला की साराबाईंस देवी आल्या आहेत. देवीचा रोग आज पृथ्वीवर उरला नाही, इ. स. १९८० मध्ये तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. परंतु त्या काळी त्या रोगाने घरेच्या घरे ओस पडत. साराबाई बावीस दिवस जीवनमरणाच्या सीमेवर होत्या. हंटिंग्डनच्या उमराव बाई स्वतः येऊन त्यांची शुश्रूषा करीत. साराबाई वाचल्या, त्यांचे सुंदर मुख ओळखू येईना इतके बदलले. जॅकीस तोच रोग झाला, आणि तो वाचला नाही. इ. स. १७५४ च्या ७ जानेवारीस तो गेला.

त्यानंतर आणखी सात अपत्ये झाली. मार्था मारिया एक महिन्याची होऊन गेली. सुसान्ना अकरा महिन्यांची. सेलिना पाच आठवड्यांची. शेवटचा जॉन जेम्स इ. स. १७६८ मध्ये सात महिन्यांचा होऊन गेला. ब्रिस्टलच्या सेंट जेम्स देवालयाच्या आवारात ही लेकरे निजली आहेत. चार्ल्स, सारा व सॅम्युएल ही तिघेच वाढली.

आता ज्यांस वाटते की विश्वास पुरता असेल तर मूल वाचतेच, त्यांनी ह्या दोन पिढ्यांकडे नीट पाहावे. एपवर्थच्या त्या घरात एकच आई, एकच प्रार्थना. त्या आईची दहा लेकरे राहिली, नऊ गेली. ज्या चार्ल्सची आशा नव्हती तो जगला, आणि समोरच्या घरी सुखरूप निजलेले बाळ मेले. ब्रिस्टलच्या घरी आठांतील पाच गेली. चार्ल्स यांच्या विश्वासात उणीव होती असे कोण म्हणेल? आणि मुलांच्या मृत्यूचे कारण आईबापांच्या पापात शोधावयाचे, तर सुसान्नाबाईंचे कोणते पाप नऊ वेळा शोधावे? स्वतः अपुऱ्या दिवसांचे असून वाचलेल्या ह्या माणसाने, मी जसा वाचलो तसे तुमचेही मूल वाचेल, असे वचन आईबापांस दिले नाही. त्याने त्यांस दुसरेच काही दिले.

इ. स. १७६७ मध्ये त्यांनी कुटुंबांसाठी गीतांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात काय काय आहे पाहा. बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रीसाठी गीत आहे. सुखरूप सुटका झाल्यावर उपकारस्तुती आहे. दात येणाऱ्या मुलासाठी आहे! देवी आलेल्या मुलासाठी आहे. ज्याने रात्र रात्र रडते मूल खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारल्या नाहीत, तो दातांवर गीत कशास रचील? ह्यांखेरीज मरणाऱ्यांसाठी व मागे राहणाऱ्यांसाठी त्यांची शोकगीते निराळी आहेत. त्यांत लहान लेकरांच्या मृत्यूची गीतेही आहेत. त्यांत बाप आपले दुःख लपवीत नाही. मूल प्रभूजवळ आहे व पुन्हा भेटेल ही आशा धरितो. खरे सांगावयाचे तर, काही ठिकाणी बालक लवकर सुटले हे बरेच झाले असा सूर लागतो, आणि आजच्या आईच्या कानास तो घाईचा वाटेल. जे शोक करणाऱ्याने स्वतः म्हणावे ते भेटीस आलेल्याने म्हणू नये. चार्ल्स यांनी ते म्हटले ते पाच कबरींपाशी उभे राहून. आम्ही जिन्यावर बसलेल्या बापास ते ऐकवू नये.

तर मग सेवकाने काय न्यावे? आईसाठी घरचा ताजा डबा न्यावा, कारण तिच्या दुधावर मुलाचा जीव आहे. मूल चोखू शकत नसले तरी परिचारिका ते दूध काढवून थेंबाथेंबाने पाजतात. घरी राहिलेल्या थोरल्या लेकरांस कोणी तरी सांभाळावे, म्हणजे आईस कांगारूप्रमाणे मूल छातीशी धरून निवांत बसता येईल. बापास गाडीभाडे लागते. मुलाचे नाव विचारावे, व प्रार्थनेत ते नाव घ्यावे; पेटीतल्या मुलास नावाने हाक मारणारा कोणी भेटला तर आईस किती हायसे वाटते! प्रार्थना लहान असावी, दारापाशी गर्दी करू नये, हात धुतल्यावाचून आत जाऊ नये. आणि मूल गेलेच, तर दहाव्या दिवशीही जावे, वर्षाने त्याच तारखेसही जावे. पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी जातात.

इ. स. १७७१ मध्ये हे कुटुंब लंडनच्या मेरिलबोन भागात राहावयास आले. थोरला चार्ल्स व धाकटा सॅम्युएल हे दोघेही संगीतात असामान्य निघाले. घरी त्यांच्या वादनाच्या बैठका होत, आणि बडे बडे लोक ऐकावयास येत. काही मेथॉडिस्ट बंधूंस ते रुचले नाही. बापास मात्र त्यात वावगे वाटले नाही. जॅकीचा ताल त्याने कधी विसरला नसावा.

म्हातारपणीही चार्ल्स लहानशा घोड्यावर बसून हिंडत, खिशात कागदाचे तुकडे असत, आणि सुचलेले गीत घरी येताच लेखणी व शाई मागून लिहून काढीत. इ. स. १७८८ च्या मार्चमध्ये ते अगदी क्षीण झाले. शेवटी त्यांनी पत्नीस जवळ बोलावून सहा ओळींचे एक गीत सांगितले व तिने ते उतरून घेतले. २९ मार्च रोजी, ऐंशी वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणे मेरिलबोनच्या देवालयाच्या आवारात त्यांस पुरले; इंग्लिश मंडळीच्या आठ पाळकांनी प्रेतवस्त्र धरिले. त्या वेळी जॉन दूर होते. पंधरा दिवसांनी बोल्टन गावी उपासनेत भावाचे एक गीत सांगत असता, सोबती पुढे निघून गेले अशा अर्थाची ओळ आली. तेथे त्यांचा कंठ दाटून आला, ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मंडळीचे गायन थांबले.

साराबाई त्यानंतर चौतीस वर्षे जगल्या, इ. स. १८२२ मध्ये, शहाण्णव वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांनी एका कागदाच्या पुडीत केसांची एक लहानशी बट जपून ठेविली होती. पुडीवर त्यांच्या हातचे लिहिले होते की, हे माझ्या लाडक्या जॅकीचे केस आहेत; देवीने गेला त्या दिवसाची तारीख; आणि त्याचे वय, एक वर्ष, चार महिने व सतरा दिवस. त्याखाली दावीद राजाने आपल्या मेलेल्या बालकाविषयी काढलेले उद्गार होते.